यीस्ट वाढवायला परवाना द्या म्हटलं, तर खिडकीच नाही

(पोस्ट लांब आहे. दारूबंदीवाले आणि दारूवाले दोघंही चिडतील. शेवटपर्यंत वाचा आणि मग चिडा.)

महाराष्ट्रात बिअर प्यायला परवाना मिळतो. एका दिवसाचा, वर्षाचा, आजन्म. विकायला मिळतो. हॉटेलात मोठाले स्टीलचे टँक लावून मायक्रोब्रुअरी काढायलाही मिळतो, खिशात तेवढा पैसा असला म्हणजे झालं. पण आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्यापुरती, वीस लिटर गव्हाची बिअर करून बघायची म्हटलं तर? त्यासाठी फॉर्म नाही, फी नाही, खिडकी नाही. म्हणजे नकारसुद्धा रीतसर मिळत नाही. थेट गुन्हाच.

हे आज लिहायचं कारण सांगते. मी गेली बरीच वर्षं मायक्रोबायॉलॉजी शिकवतेय. गेल्या वर्षी एका कॉलेजात आम्ही दोन दिवसांची कार्यशाळा ठरवली होती. विषय होता गव्हाच्या बिअरसाठी यीस्टचा स्टार्टर कसा तयार करायचा. लक्षात घ्या, बिअर नाही, नुसता स्टार्टर. पेशी वाढवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या, जिवंत किती मेलेल्या किती ते रंग घालून बघायचं आणि शेवटी सगळं ऑटोक्लेव्ह करून ओतून द्यायचं. तीस मुलांनी नावं दिली होती. दोन दिवस आधी वरून निरोप आला, 'मॅडम, पोस्टरवर बिअर शब्द आहे, उगाच लफडं नको.' मी म्हटलं शब्द काढते. तर म्हणे, आता कळलंच आहे सगळ्यांना. कार्यशाळा रद्द. त्याच आठवड्यात त्याच कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा एका हॉटेलात झाला, आणि तिथे काय वाहत होतं ते सांगायला नको.

तर आधी हा स्टार्टर म्हणजे काय भानगड आहे ते समजून घेऊ. कारण त्याला विरोध करणाऱ्या दहातल्या नऊ जणांना वाटतं की मी मुलांना भट्टी लावायला शिकवत होते.

स्टार्टर म्हणजे विरजण. बस्स. दुधात थेट थेंबभर दही टाकून दहा लिटर दही लावायला गेलात तर लागणार नाही, किंवा लागेपर्यंत भलतंच काहीतरी वाढून दूध नासेल. म्हणून आधी वाटीभर चांगलं विरजण करायचं. बिअरचंही तसंच. वीस लिटर रस, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं गोड पाणी, आंबवायचं असेल तर त्यात पुरेसं जिवंत यीस्ट पडलं पाहिजे. ढोबळ हिशेब असा की रसाच्या दर मिलिलीटरला, गोडीच्या दर अंशाला (तो अंश 'प्लेटो'मध्ये मोजतात) पाऊण दशलक्ष पेशी. बारा अंशांचा वीस लिटर रस असेल तर साधारण १८० अब्ज पेशी लागतात. द्रवरूप यीस्टच्या ताज्या पाकिटात शंभरेक अब्ज असतात. ताज्या म्हणतेय मी. तेच पाकीट परदेशातून निघून, विमानतळावरच्या उन्हात पडून, कुरियरवाल्याच्या डिकीतून पुण्यात पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या असू शकतात. म्हणून स्टार्टर.

कृती अगदी घरगुती आहे. एक लिटर पाण्यात शंभर ग्रॅम सुकं माल्ट, म्हणजे मोड आलेल्या जवाच्या अर्काची पूड. दहा-पंधरा मिनिटं उकळायचं, झाकून पंचवीस अंशांच्या खाली निववायचं, मग यीस्ट टाकायचं. तोंडावर फॉईल सैलसर, कारण वायू बाहेर पडला पाहिजे आणि माशी आत जाता कामा नये. येता-जाता हलवत राहायचं. आमच्या मुलांनी तर कॉम्प्युटरचा जुना पंखा आणि खराब हार्ड डिस्कमधलं चुंबक जोडून हलवणारं यंत्र केलं होतं, बाजारात तेच हजारो रुपयांना मिळतं. दिवस-दीड दिवसात पाणी दुधाळ होतं. मग फ्रिजमध्ये ठेवलं की यीस्ट खाली बसतं, वरचं पाणी ओतून द्यायचं, खालची साय वापरायची. माल्टच्या जागी साखर घालू नका, साखरेवर लाडावलेलं यीस्ट पुढे माल्टची साखर खायला कुरकुरतं. कार्ट्याला आधी चॉकलेट देऊन मग भाकरी वाढल्यासारखं.

यात दारूडेपणा कुठे आहे? आहे ती स्वच्छता, तापमान, मोजमाप आणि धीर. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करणाऱ्या प्रत्येक आईला यातलं निम्मं शास्त्र आधीच येतं.

आता गव्हाच्या बिअरचीच गोष्ट का, तर त्यात यीस्टच सगळं काम करतं. केळ्याचा वास येतो ना त्या बिअरला? लवंगेची चव लागते ना? त्यात केळं नसतं आणि लवंगही नसते. केळ्याचा वास म्हणजे आयसोअमाईल ॲसिटेट. लवंगेची चव म्हणजे फोर-व्हिनाईल ग्वायकॉल, जे यीस्ट धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून बनवतं. दोन्ही यीस्टची करामत. जगभरच्या कित्येक गव्हाच्या बिअरमागे जे वाण आहे ते म्युनिकजवळच्या वाइहेनस्टेफानच्या यीस्ट संग्रहातलं, ६८ नंबरचं. मैदा तोच, तवा तोच, पण विरजण बदललं की पदार्थ बदलतो. दुसऱ्या साध्या यीस्टने तोच रस आंबवा, केळं-लवंग गायब.

इथे होमब्रूवाल्यांच्यातच एक भांडण आहे आणि मला त्यात पडायचंच आहे. एक पंथ म्हणतो, गव्हाच्या बिअरला स्टार्टर करूच नये. यीस्ट कमी टाकलं की त्याला जास्त पिढ्या वाढावं लागतं, ताण येतो आणि केळ्याचा वास जास्त सुटतो. माझा एक जुना विद्यार्थी म्युनिकजवळ राहतो, तोही मला हेच ऐकवतो. त्याच्या तर्कात तथ्य आहे, यीस्ट किती टाकलं आणि हवा किती मिळाली यावर वास बदलतो. पण बाबा रे, तुझ्याकडे यीस्ट गल्लीतून ताजं येतं. तू कमी टाकतोस ते निरोगी यीस्ट कमी टाकतोस. इकडे कमी टाकणं म्हणजे अर्धमेलं कमी टाकणं. ताण देणं वेगळं आणि आजारी माणसाला पोतं उचलायला लावणं वेगळं. अर्धमेल्या यीस्टने केळं येत नाही. आंबणं अर्ध्यात थांबतं, गंधकाचा वास येतो, आणि ती मोकळी जागा बघून दुसरेच जीवाणू घुसतात. आधी स्टार्टर करून निरोगी पेशी हातात घ्या, मग किती टाकायच्या ते ठरवा. केळं कमी हवं की जास्त, हे तापमानानेही सांभाळता येतं. सुकं यीस्ट वापरत असाल तर मात्र स्टार्टर नकोच, ते कोमट पाण्यात भिजवून टाकतात. पण सुक्या पाकिटात वाणांची निवड फार थोडी.

आणि हे सगळं कशासाठी आयात करायचं? पुण्यातच पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, एनसीआयएम. यीस्टची कितीतरी वाणं तिथे जपून ठेवलेली आहेत. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, मद्यार्क तंत्रज्ञान शिकवतात. म्हणजे शास्त्र आहे, संस्था आहेत, मुलं आहेत. नाही ती हौशी माणसाची जागा, जिथे चुकून बघता येतं.

आता कायदा. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तेव्हाचा मुंबई दारूबंदी कायदा, आताचा महाराष्ट्र दारूबंदी कायदा. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे गृहमंत्री. त्यात मद्याची व्याख्या अशी आहे की स्पिरिट, वाईन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सगळे द्रव. सगळे! कलम १२ मध्ये मद्य तयार करायला मनाई. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि प्रसाधनांबाबतच्या काही तरतुदी उडवल्या, बाकी कायदा कायम ठेवला. संविधानाचं कलम ४७ त्याच्या पाठीशी आहेच.

मग हिशेब करा. आमचा एक लिटर स्टार्टर दीड दिवसानंतर साधारण साडेतीन-चार टक्के अल्कोहोलचा द्रव होतो. ओतून देतो आम्ही तो, पण व्याख्येत तर बसतो. पावाच्या कणकेतलं यीस्टही अल्कोहोल करतं, भट्टीत उडून जातं म्हणून बेकरीवाला सुटला. नीरा तर सरकारमान्य केंद्रावर मिळते, आणि उन्हात दुपारपर्यंत ठेवली की तिची ताडी होते. यीस्ट काही परवाना बघून कामाला लागत नाही. 'संस्थेने रीतसर अर्ज करावा', असं साहेब म्हणतील. करेल की संस्था. पण ज्या देशात पोस्टरवरच्या एका शब्दाने प्राचार्यांची झोप उडते तिथे अर्जावर सही कोण करणार?

'हे पाश्चात्त्य थेर आहे' असं कॉमेंटमध्ये येणारच आहे, म्हणून आधीच लिहून ठेवते. गोव्यातला पाव आणि सान्ना पिढ्यान्‌पिढ्या माडीवर फुगत आले. माडी म्हणजे जिवंत यीस्टचा स्टार्टरच की. झारखंडात हंडियासाठी रानूच्या गोळ्या करतात, जंगलातली मुळं-पाला तांदळाच्या पिठात मळून. आसामातल्या दिमासा लोकांच्या जुडिमा या तांदळाच्या पेयाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचंही स्वतःचं विरजण आहे. गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये मानांकन मिळालं आणि नंतर गोवा सरकारने तिला राज्याचं वारसापेय केलं. सीमेच्या अलीकडे सिंधुदुर्गात तेच काजूचं बोंड बागेत पडून कुजतं. शेजारच्या मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबांना घरच्या वापरापुरती मोहाची दारू काढायला मर्यादित सूट आहे. आणि आपल्याकडे मोहाची नुसती फुलं गोळा करण्यावरचे निर्बंध उठायला २०२१ साल उजाडावं लागलं. फुलं हो, फुलं.

सरकारला दारूचं वावडं आहे म्हणावं तर तेही नाही. धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना याच राज्याने अनुदान देऊ केलं होतं. द्राक्षाच्या वाईनला २००१ पासून खास धोरण आहे. जानेवारी २०२२ मध्ये तर मंत्रिमंडळाने वाईन सुपरमार्केटात विकायला परवानगी दिली, का तर शेतकऱ्याचं भलं व्हावं म्हणून. आरडाओरडा झाला, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि ते बारगळलं. दरवर्षी उत्पादन शुल्कातून हजारो कोटी तिजोरीत येतात. म्हणजे दारू चालते. कारखान्याची चालते, ठेकेदाराची चालते. स्वतः केलेली चालत नाही, कारण तिच्यावर स्टिकर लागत नाही.

गव्हाच्या बिअरने हे सगळं आधी पाहिलंय. बव्हेरियात १५१६ चा प्रसिद्ध नियम निघाला, बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच. (यीस्टचं नावसुद्धा नाही त्यात, कारण ते काय असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.) गहू बाद, तो पावासाठी ठेवा. चांगलं आहे. पण डेगेनबर्ग नावाच्या सरदार घराण्याला मात्र गव्हाची बिअर करायची खास मुभा. १६०२ मध्ये ते घराणं निर्वंश झालं, हक्क ड्यूक माक्सिमिलियनकडे आला, आणि ज्या बिअरमुळे गरिबाचा पाव महागतो म्हणत होते तीच राजघराण्याची दुभती गाय झाली. सामान्य ब्रूअरला हक्क मिळायला १८७२ उजाडलं, गेओर्ग श्नायडर यांनी तो मिळवला. तोपर्यंत लोकांना ती बिअर नकोशी झाली होती, म्हणून राजघराण्यालाही ती सोडवत होती एवढंच.

याउलट उदाहरण कोपनहेगनचं. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियान हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. आज आपण स्टार्टर करतो त्याची आजी ती. कंपनीने ते यीस्ट कुलपात ठेवलं नाही, इतर ब्रुअऱ्यांना देऊन टाकलं.

आता खऱ्या आक्षेपांकडे येते. खोट्यांना उत्तरं देऊन झाली.

पहिला, विषारी दारू. मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून जास्त माणसं गेली. त्याआधी २००४ मध्ये विक्रोळी. ही माणसं आंबवण्याने मेली नाहीत. ती मिथेनॉलने मेली, आणि ते मिथेनॉल कुणीतरी धंद्यासाठी मिसळून विकलेलं होतं. जव-गव्हाचा रस आंबवल्याने जीव घेईल इतकं मिथेनॉल तयार होत नाही. बिघडलेली घरगुती बिअर फार तर आंबट लागेल, पोट बिघडवेल. ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टी लावून दारू काढणं, ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे आणि ती घरात नकोच, हे मीही म्हणते. पण दोन्हींना एकाच कलमात कोंबायचं म्हणजे घरी लोणचं घालणाऱ्याला आणि भेसळीचं तेल विकणाऱ्याला एकच शिक्षा.

दुसरा आक्षेप जड आहे. बायकांचा. उभी बाटली आडवी करायला ज्या गावोगावच्या बाया रांगेत उभ्या राहिल्या त्यांच्यासमोर मी कुठल्या तोंडाने घरात बिअर करा म्हणणार? वर्ध्यात, गडचिरोलीत दारूबंदी आली ती काही वरून लादलेली फॅशन नव्हती, गडचिरोलीत तर लोकांनी, बायकांनी लढून १९९३ मध्ये ती मिळवली. मला त्या लढ्याचा आदर आहे आणि त्या जिल्ह्यांत ही सूट नसावी असंच माझं मत आहे. पण त्या बाया भांडल्या कुणाशी? गावातल्या दुकानाशी, संध्याकाळी मजुरी हातात पडली की वाटेत उभ्या असलेल्या गुत्त्याशी. गव्हाच्या बिअरला स्टार्टरपासून ग्लासपर्यंत तीन-चार आठवडे लागतात. व्यसनी माणूस तीन आठवडे यीस्ट खाली बसायची वाट बघत थांबत नाही, त्याला आज, आत्ता, कोपऱ्यावर पाहिजे. आणि कोपऱ्यावर ती आहे, परवानाधारक. तरी भीती खरी आहे, म्हणून मर्यादा हवी, आणि घरातल्या दुसऱ्या प्रौढ व्यक्तीची लेखी संमती हवी. हसू नका. बायकोची सही लागणार म्हटलं की निम्मे हौशी तिथेच गळतील.

अमेरिकेतही दारूबंदी उठल्यावर घरची वाईन चालली, घरची बिअर मात्र पंचेचाळीस वर्षं बेकायदा राहिली. १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली. एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, घरात दोन प्रौढ असतील तर दोनशे, विक्री अजिबात नाही. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं तर २०१३ मध्ये तयार झाली. तेव्हा तिथे जेमतेम शंभरच्या आत ब्रुअऱ्या होत्या, आज नऊ हजारांवर आहेत. सिएरा नेव्हाडा ही बडी ब्रुअरी काढणारे केन ग्रॉसमन आधी घरी बिअर करत होते, होमब्रूचं सामान विकायचं दुकान चालवत होते. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअऱ्यांत पहिली संपते ती गव्हाची बिअर, पण ती करणारा हात तयार होणार कुठे? ज्याच्या बापाकडे पैसे आहेत तो बर्लिनला जाऊन शिकून येतो. बाकीचे टाक्या धुतात.

तेव्हा माझं मागणं काय आहे ते सांगते. शंभर गॅलन नको आम्हाला. एका घराला वर्षाला शंभर लिटर, फक्त आंबवलेली बिअर किंवा फळांची वाईन. भट्टी नाही, विक्री नाही, एकवीसच्या खाली कुणी नाही, बंदी असलेल्या जिल्ह्यांत नाही. नोंदणी ऑनलाईन, फी पाचशे रुपये ठेवा, हजार ठेवा, स्टिकरच लावायचा असेल तर फ्लास्कला लावा. जर्मनीत माझा विद्यार्थी सरळ कामाला लागतो, ठरावीक लिटरपर्यंत कर नाही. आणि कॉलेजांसाठी वेगळं, स्पष्ट शब्दांत परिपत्रक काढा की शिकवण्यासाठी यीस्ट वाढवणं, आंबवणं आणि नष्ट करणं याला परवाना लागत नाही. हे दुसरं तर विधेयकाशिवाय होण्यासारखं आहे. एका सहीचं काम.

मसुदा लिहायला घेतलाय. कलमं नीट कळणाऱ्या वकील मंडळींनी कॉमेंटमध्ये हात वर करावा, बाकीच्यांनी आपापल्या आमदाराला ही पोस्ट पाठवावी, ते वाचणार नाहीत पण त्यांचा पीए वाचतो. आणि 'ताई, स्टार्टरसाठी यीस्ट कुठे मिळेल' असं इनबॉक्समध्ये विचारू नका. सध्या उत्तर दिलं तर पुढची पोस्ट मला आतून लिहावी लागेल.